जुनवानीचं मीटर

ओमप्रकाश ठवकरांची सारी नोकरी स्टील प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये गेली. काटे आणि आकडे बघायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. त्यामुळे जुनवानीतल्या त्यांच्या फ्लॅटला स्मार्ट मीटर लागलं आणि त्याचं ॲप मोबाइलवर आलं, तेव्हा त्यांना गेलेली ड्यूटी परत मिळाल्यासारखं झालं. ते स्वतः वैशाली नगरात राहत. फ्लॅटमध्ये भाडेकरू होते राजदीप आणि आम्रपाली मेश्राम. तो प्लांटमधल्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर, ती दुर्ग स्टेशनवर बुकिंग क्लार्क. कनेक्शन मात्र मालकाच्या नावावर, म्हणून त्या घरातल्या विजेचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर ओमप्रकाशांना बसल्या जागी दिसे.

सकाळच्या चहाबरोबर ते आदल्या दिवसाचा आलेख उघडत. शेजारचे भय्याजी आले की त्यांनाही दाखवत. "काल गीझर सातला लागला. मॅडम उशिरा उठल्या वाटते," असं म्हणून दोघं हसत.

मे महिन्यात आलेख बदलला. दुपारी सपाट असणारी रेघ रोज साडेदहा ते पाच वर चढलेली दिसू लागली. घरात कोणाला परस्पर ठेवलं की काय, या शंकेनं त्यांनी आम्रपालीला फोन लावला.

"बेटा, दुपारी घरी कोन असते?"

"कोनी नाही काका. मी ड्यूटीवर, हे प्लांटमध्ये. कावून?"

"रोज कूलर चालून राह्यला. तीन हप्ते झाले. माह्या मोबाइलवर दिसते ना."

पलीकडे तिकीट खिडकीवर गलका चालला होता. मग ती "पाहते" म्हणाली आणि फोन कटला.

चौथ्या दिवशी राजदीप वैशाली नगरात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काका, ठेका संपला. आमाले काढलं. दुसरी नोकरी भेटली की तिले सांगीन म्हनत होतो. सकाळी डबा घेऊन निघायचो, ती गेली की परत यायचो. तुमच्या फोननं तिले वाटलं, मी घरात बाई आनतो. भावाले घेऊन भर दुपारी आली. त्याच्यासमोर सांगा लागलं मले. आता ती बोरसीले आहे, माहेरी."

"मले काय मालूम..." ओमप्रकाश म्हणाले. राजदीप भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जिना उतरून गेला.

आतून ऐकत असलेल्या त्यांच्या पत्नी वसुंधराबाई बाहेर आल्या. "तुमी दोघं रोज हसत होते, तवाच मी बोलाले पाह्यजे होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश बोरसीला गेले. आम्रपालीच्या आईनं, गिरजाबाईंनी, पाणी दिलं. आम्रपाली समोर बसली.

"चूक माही आहे, बेटा."

"त्यानं लपवलं, ते मी त्याच्याशी पाहून घेईन. पन मले ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. भावासमोर नाही." मग तिनं विचारलं, "आनखी काय काय दिसते त्याच्यात?"

त्यांनी सांगितलं. कधी उठता, कधी झोपता, कधी गावाला जाता.

"कोनाले दाखवलं?"

कोणालाच नाही, असं सहज म्हणता आलं असतं. "भय्याजीले," ते मान खाली घालून म्हणाले.

ती उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. बऱ्याच वेळानं गिरजाबाई म्हणाल्या, "ऊन वाढून राह्यलं भाऊ. निघा आता."

तिथून ते सरळ वीज ऑफिसात गेले आणि मीटरच्या ॲपला आपल्याऐवजी आम्रपालीचा मोबाइल नंबर लावायचा अर्ज दिला. क्लार्क म्हणाला, "मकान तो आपका है, फिर भी नहीं देखना?"

"नहीं देखना."

तिथंच उभ्या उभ्या त्यांनी ॲप काढून टाकलं. घरी येऊन भय्याजींना सगळं सांगितलं. "त्यात काय एवढं?" भय्याजी म्हणाले. मग ओमप्रकाशांनी आम्रपालीला ॲप काढल्याचा मेसेज केला. तिनं तो वाचला, उत्तर दिलं नाही.

जूनच्या शेवटी राजदीपचा फोन आला. त्याला रायपूरला काम मिळालं होतं, ते दोघं फ्लॅट सोडणार होते. मागून आम्रपालीचा आवाज येत होता, कुठली तरी पेटी बांधायला सुतळी मागणारा. ती बोलायला आली नाही, आणि तिला बोलाव म्हणायची ओमप्रकाशांची छाती झाली नाही. किल्ली घ्यायला कोणत्या दिवशी येऊ, तेवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.