नारळाच्या दाढेतले किडे

"पडले, पडले! किडे पडले!"

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावात भिकाजीबाबाच्या मांडवात गर्दी ओरडली. ताटातल्या पाण्यात पांढरे, वळलेले किडे तरंगत होते. समोर बसली होती मासे विकणारी गोदूबाई, कानाशी धुराची नळी, बोटाला मळकी चिंधी. जिच्या हाकेने बाजार दणाणायचा, तिचं तोंड आठवडाभर नीट उघडत नव्हतं. कानापुढे सूज, अंगात ताप, हनुवटी एकीकडे सरकलेली.

"दाढंतला किडा कानात चडला, तितून मेंदूकडं निघाला व्हता," बाबा म्हणाला. "माजा धूर आडवा आला म्हणून वाचली!"

हे शरीरशास्त्र मी शाळेत शिकवलं असतं, तर पोरांनी मला हाकलून दिलं असतं.

"तोंड उघडलं का?" मी गोदूबाईच्या सुनेला, संध्याला विचारलं.

"किडं तर पडलं ना, मास्तर!"

मी पिशवीतून सोललेला नारळ काढला. "बाबा, याचीही दाढ दुखते. द्या धूर."

"द्येवाची चेष्टा करू नका! कोप व्हईल!"

"होऊ दे. नारळावर होईल."

लोक हसले. संध्या मात्र हसली नाही. तिने सासूच्या कानाची नळी ओढून नारळाला लावली. बाबा अडवेपर्यंत ताटात किडे पडले, पहिल्याइतकेच गुबगुबीत.

नळी ज्यातून निघत होती, ते ताटातलं उपडं मडकं मी उचललं. आत विटेवर तापलेलं लोखंड, त्यावर तेल आणि भोरिंगणी नावाच्या काटेरी रानझुडपाच्या बिया. आचेने बी फुटतं, आतला वळलेला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. झाला किडा! या बियांपुढे अख्खा गाव हात जोडून बसला होता.

"चला आत्या, दवाखान्यात," संध्या म्हणाली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आधी चिंधी सोडली. शिंगाळा माशाचा काटा लागून बोट पिकलं होतं. तिथले जंतू रक्तातून जबड्याच्या सांध्यात शिरले होते. सुईने पू काढला, तपासला, सांधा धुतला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. डॉक्टर संतापून म्हणाले, "अजून धूर घेत बसला असतात, तर जबडा कायमचा जखडला असता."

गोदूबाई अजून लहान घास घेते, रोज जबड्याचा व्यायाम करते. पण हाक परत आली आहे. परवा भर बाजारात भिकाजी दिसताच ती कडाडली, "मेल्या, त्या नारलाला बरा वाटला काय रं?"

लोकहो, ताटात काय पडलं ते पाहू नका. माणसाचं तोंड उघडलं का, ते पाहा.