पिठाच्या हातांनी

सरोवराकाठच्या त्या घरात व्यसनातून सावरणाऱ्या आया आपापल्या चिल्ल्यापिल्ल्यांसह राहत. घराची एक रीत होती. मूल रडलं की जवळ असलेल्या माणसाने मुलाला उचलायचं नाही, आईच्या हातातलं काम काढून घ्यायचं. पातेलं असो, झाडू असो, फोन असो. आईचे हात मोकळे करायचे, बस.

स्वयंपाकाला नव्याने आलेल्या रायलीच्या हे काही अंगवळणी पडेना. पाच मुलं वाढवलेली बाई. रडणं कानावर पडलं की तिचे हात आधी पुढे जात, रीत मागाहून आठवे. सगळी पोरं तिला मुम्मो म्हणत, म्हणजे आजी.

मिर्काला ती आधार वाटायची. मिर्का नशेच्या गोळ्यांच्या पायी वाहवली तेव्हा तिची लुमी तान्ही होती. पोर दुसऱ्या कुटुंबाकडे वाढली आणि आत्ता कुठे, दीड वर्षाची होऊन, आईजवळ आली होती. पण कुठे लागलं-खुपलं की लुमी मिर्काला ओलांडून थेट मुम्मोकडे धावे. "तिला तूच लागतेस," मिर्का हसून म्हणे. आतून तिला सुटल्यासारखंही वाटे. आपण घेतलं आणि पोर रडायची थांबलीच नाही तर?

एक दिवस घर चालवणाऱ्या हेल्वीने दोघींना समोर बसवलं.

"रायली, तू मायाळू आहेस, तीच पंचाईत झालीय. हिवाळ्याआधी नगरपालिकेची बालकल्याण बघणारी बाई येईल. पोर आईशी रुळली का, विचारेल. मी काय सांगू? स्वयंपाकघराशी रुळली?"

मिर्काला हसू आलं, पण टिकलं नाही. पोर रुळली नाही, तर ती पुन्हा त्या कुटुंबाकडे जाणार होती.

त्या शनिवारी दोघी पिराका करायला बसल्या. राईच्या पिठाची पातळ पोळी, आत दुधात शिजवलेला भात, कडेला चिमटे.

"तुझी पिराका म्हणजे फाटकी चप्पल दिसतेय," रायली म्हणाली.

"तुझ्यासारखी सुंदर जमायला मला तुझ्याएवढं म्हातारं व्हावं लागेल."

तेवढ्यात बाकावर चढू पाहणारी लुमी घसरली. हनुवटी फळीवर आपटली. क्षणभर आवाजच फुटला नाही, मग जो फुटला तो घरभर घुमला. रडत ती उठली आणि दोन्ही हात वर करून मुम्मोकडे निघाली.

रायली वाकली. मग सरळ झाली आणि तिने मिर्काच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"माझे हात पिठाचे आहेत," मिर्का म्हणाली.

"तसेच घे."

मिर्काने उचललं. लुमीने अंग ताठ केलं, मुम्मोच्या दिशेने झेप घेतली, आईच्या गालावर थापड मारली. मिर्का कळवळून म्हणाली, "रायली, घे ना हिला. ती तुलाच मागतेय." रायली पाठमोरी पोळ्या लाटत राहिली. रडू आवरताना तिचे खांदे मात्र हलत होते.

मिर्का पोरीला घेऊन जमिनीवरच बसली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून "लागलं ना, फार लागलं ना" एवढंच म्हणत राहिली. पोर आक्रोश करत होती, पण आता पळत नव्हती. मग तिने आईच्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत धरली. मग नाक तिथेच पुसलं. शेवटी नुसते हुंदके उरले.

"पाणी दे गं," मिर्का हळूच म्हणाली. "मी उठत नाही."

रायलीने पेला आणून दिला. लुमीने मुम्मोकडे पाहिलं, पाणी प्यायली आणि परत आईच्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या केसांना, कानांना सगळीकडे पीठ लागलं होतं.

मिर्काला पुष्कळ बोलायचं होतं. या घराविषयी, हेल्वीविषयी, आज सकाळी नशेविना उठून इथे बसता आलं त्याविषयी. एवढंच जमलं: "मी विनवूनही तू वळली नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत."

"माझा जीव जात होता," रायली म्हणाली आणि बाहीने डोळे पुसून ओट्याकडे वळली. "बस तशीच. चिमटे मी घालते."

मिर्का बसून राहिली. पाय बधिर झाले, तरी उठली नाही. मांडीवर लुमी झोपली होती.