ड्रायव्हरचं झाकण

आमचे हे आयुष्यभर लोकांच्या घरी नळ बसवत आले, आणि त्या कामात शिकलेली एकही गोष्ट विसरायची त्यांची तयारी नाही. प्लास्टिकचा रणगाडा जोडायला बसले तेव्हाही त्यांनी आधी टेबलाखाली बादली सरकवली. मी बघतच राहिले, तर म्हणाले, "सवय गं." मी म्हटलं, "असू दे, घाम गळेल त्यात."

त्या रणगाड्याचं खोकं मुलानं आणलेलं. तो खऱ्या रणगाड्याचा ड्रायव्हर होता. शेवटच्या सुट्टीत खोकं ह्यांच्या हातात ठेवून म्हणाला होता, "बाबा, आता रिकामे बसून आईचं डोकं खाऊ नका. हा जोडा. हुबेहूब माझीच गाडी आहे, फक्त पस्तीस पट लहान. पुढच्या वेळी येऊन तपासतो." ती पुढची वेळ आलीच नाही. लढाईत त्याच्या रणगाड्याला आग लागली. आतल्या चौघांपैकी तिघे बाहेर पडले, तो राहिला. मोठे साहेब घरी येऊन सांगून गेले की तो क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्याच गाडीत तोफ चालवणारा त्याचा मित्र, ज्याला आम्ही लंबू म्हणतो, त्यानंही माझे हात धरून तेच सांगितलं. काही कळलं नाही काकू, काही कळलं नाही.

मी त्या एका वाक्यावर जगत होते. दिवसभर लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते मी. मशीन चालू असलं की ते वाक्य आपोआप मनात सुरू व्हायचं. कुणी काही म्हणो, मला त्याचा आधार होता.

खोकं बरेच दिवस कपाटावर पडून होतं. मग एकदा ह्यांनी ते खाली काढलं, पुसलं, आणि उघडलं. चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे. काही तर तांदळाएवढे. ह्यांची बोटं जाड, पाना धरायला बनलेली. पहिला तुकडा चिमट्यातून उडाला तो अजून सापडलेला नाही. दुसऱ्यावर डिंक इतका ओतला की प्लास्टिकच विरघळलं आणि त्यात अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. चाकं आधी बसवली, मग रंगवायला घेतली, तेव्हा कळलं की आतल्या बाजूला ब्रश जातच नाही. त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी मी हातातली शिलाई ठेवली आणि सुईच्या टोकावर डिंकाचा थेंब घेऊन एकेक तुकडा लावायला लागले. माझ्या जुन्या अस्तराच्या कापडाची वळकटी करून मागे ताडपत्री म्हणून बांधली. हे म्हणाले, "बरी झालीय." ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

वरचं डोकं, ज्याला सैनिक टरेट म्हणतात, ते सैल बसत होतं. आता यावर नळवाला काय करणार? नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉनची टेप काढली आणि तळाशी दोन वेढे घेतले. मग टरेट छान घट्ट फिरायला लागलं; जिथे फिरवावं तिथेच थांबायचं.

आणि मग त्यांनी ते केलं जे प्रत्येक नळ बसवल्यावर करत आले होते. उघडून पाहिलं. पुढे ड्रायव्हर बसतो तिथलं झाकण त्यांनी चिकटवलं नव्हतं. जे उघडायला हवं ते उघडलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नखानं उचलायला गेले, तर झाकण उघडेना. वर तोफेची नळी आडवी येत होती.

"माझंच चुकलं," म्हणाले. टरेट काढलं, कडा घासल्या, परत बसवलं. तेच. पुन्हा घासलं. पुन्हा तेच. शेवटी हात टेकले आणि रणगाडा टोपलीत घालून आम्ही दोघं त्या मॉडेलच्या दुकानात गेलो.

जाड चष्म्याचा दुकानदार. त्याला आमचं काहीच माहीत नव्हतं. त्यानं रणगाडा उलटासुलटा करून पाहिला आणि हसला. "काका, तुमचं काहीच चुकलेलं नाही. लोक हे झाकण चिकटवून टाकतात म्हणून त्यांना कळत नाही, इतकंच. खऱ्या गाडीतही असंच असतं. तोफ बरोबर समोर असली की ड्रायव्हरचं झाकण उघडत नाही. आधी तोफ बाजूला घ्यावी लागते."

"कोण घेतं?" ह्यांनी विचारलं.

"वर बसलेला तोफवाला. वीज असेल तर बटणावर. नसेल तर हातानं चाक फिरवत बसायचं."

आमच्या मुलाच्या गाडीतला तोफवाला म्हणजे लंबू. मी रणगाडा टोपलीत घातला आणि आम्ही घरी आलो. दार लावल्यावर मी म्हटलं, "लंबूला विचारायचं नाही. माझी शपथ आहे."

"मला कळायला हवं."

"मला नको आहे ना! माझ्याकडे तेवढंच आहे."

"जोड गळतोय हे दिसल्यावर वरून भिंत बंद करून मी कधी कुणाच्या घरून निघालो नाही," ते म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की रात्रीचं ताट मी त्यांच्यासमोर आदळलंच.

लंबू सुट्टीत आला की आमच्याकडे यायचाच. येताना सदरे आणायचा. काकू, बाह्या लांब करून द्या, पार तळव्यापर्यंत. मी म्हणायचे, हात आहेत की शिड्या! या वेळीही पिशवी घेऊन आला, आणि टेबलावरचा रणगाडा पाहून लहान मुलासारखा खाली वाकला. "काका, कमाल केलीत! हा हूक तेवढा उलटा लागलाय."

"टरेट चिकटवायचं राहिलंय," हे म्हणाले. "त्या दिवशी होतं तसं चिकटवतो. कुठे होतं ते दाखव."

लंबू सरळ उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. थांबवलं असतं तर थांबला असता, पण माझ्याच्यानं झालं नाही.

"काका, जाऊ द्या."

"दाखव."

त्यानं बोट लावलं आणि नळी बरोबर समोर आणली, झाकणावर. मग अगदी हळू बाजूला ढकलायला लागला. "वीज गेली होती. धूर भरला होता. हाताचं चाक फार हळू फिरतं, काका. मी फिरवत होतो. फिरवतच होतो." बोट थांबलं. "इथपर्यंत."

टेपमुळे तोफ तिथेच राहिली. ह्यांनी नखानं झाकण उचललं. ते थोडं वर आलं आणि नळीला अडकलं. फट पडली, पण त्यातून माझं बोटही गेलं नसतं.

"मग?" ह्यांनी विचारलं.

"मग मी वरून बाहेर पडलो."

"तो काही म्हणत होता?" हे मी विचारलं.

"हाक मारत होता, काकू."

"कुणाला?"

"मला."

माझं वाक्य तिथे संपलं. त्याला धरून गदागदा हलवावं, घराबाहेर काढावं असं वाटलं. तेवढ्यात तो हात मागे घेताना त्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून गोळा झालेली. इतके दिवस मी ती स्वतःच्या हातांनी झाकत आले होते, एकेक टाका घालून. तरी राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

हे डिंकाची बाटली हातात घेऊन नुसते उभे होते. कुठे चिकटवायचं ते त्यांना समजेना. मी पुढे झाले, नळीला अंगठा लावला आणि राहिलेलं अंतर फिरवलं. काहीच वेळ लागला नाही. नखानं उचलताच झाकण पूर्ण उघडलं.

"एवढंच राहिलं होतं रे," मी लंबूला म्हटलं.