मंजुरीच्या रांगेतली एक्केचाळीस पत्रे

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही, मला वाळवी लागत नाही, तरी मी जुना झालो आहे. मी अंजूचा प्रवासाचा ब्लॉग. इंटरनेटवर ठेवलेली वहीच म्हणा. परवा मी पुसला जाणार होतो आणि त्याचे मला काहीच वाटले नव्हते. का वाटले नाही, ते सांगतो.

अंजू अहमदपूरची. तिचे वडील सिद्रामप्पा यांचे मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान होते. नोकरीसाठी ती पोर्तुगालला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी माझा जन्म झाला. 'उद्या विमानात बसणार' हा माझा पहिला लेख. तो अप्पांच्या फोनवर उघडून तिने खालची चौकट दाखवली.

"अप्पा, मला काही लिहायचं झालं तर इथं लिहा."

"हाव," अप्पा म्हणाले.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. पोर्तो शहरातले चढ, नदीवरचा उंच पूल, पालेभाजीचे सूप मागवले तर त्यात निघालेला मांसाचा तुकडा आणि शाकाहारी अंजूची झालेली फजिती, सगळे माझ्यावर आले. लोक वाहवा करत. मी जरा फुशारलोही होतो. पुढे वजन घटवण्याच्या औषधांच्या जाहिराती अभिप्रायांत घुसू लागल्या. वैतागून अंजूने मला सांगून ठेवले, की जुन्या लेखांखाली कोणी काही लिहिले तर ते आधी मंजुरीच्या रांगेत ठेव. त्या रांगेत कचराच फार. तिने ती उघडणेच सोडून दिले.

आणि अप्पा? ते माझा प्रत्येक लेख वाचत, पण लिहायला लागले ते ही रांग सुरू झाल्यावर, आणि तेही पहिल्याच लेखाखाली. लेकीने दाखवलेली जागा तीच ना! एका बोटाने टाइप करत, वर 'श्री गुरुबसवलिंगाय नमः', मग 'चि. अंजूस अनेक आशीर्वाद', अगदी पत्रासारखे. 'पुलाचा फोटो पाहिला. कठड्याला टेकत जाऊ नये.' 'यंदा तुरीची आवक बरी आहे.' 'तुझे उत्तर नाही. कामात असशील.' उत्तर आले की लिहिणाऱ्याच्या फोनवर कळवणे हे माझे काम. उत्तरच नाही, तर मी काय कळवू?

फोनवर बापलेक दोन मिनिटे बोलत. "जेवलीस का?" "जेवले." "ठेव मग." अप्पा आपले लिहिलेले वाचत नाहीत, असे अंजूला वाटे. लेक पत्राला उत्तर देत नाही, असे अप्पांना वाटे. दोघांपैकी एकानेही विचारले नाही. असले हट्टी घर मी दुसरे पाहिले नाही. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते. हळूहळू मी काही वाटून घेणेच बंद केले.

चार वर्षांनी अप्पा गेले. अंजू पोहोचली तेव्हा सगळे आटोपले होते. ती रडली नाही. नोकरी सोडून आईजवळ राहायचे तिने ठरवले आणि परवा दुपारी मला निरोप द्यायला बसली. 'हा शेवटचा लेख' एवढे लिहिले, पुढे तिला काही सुचेना. पुसण्याआधी एकदा पाहावे म्हणून तिने रांग उघडली. जाहिरातींच्या मध्ये अप्पांची एक्केचाळीस पत्रे होती.

भिंतीला टेकून बसलेली तिची आई शिवकांता म्हणाली, "काय वाचून राहिलीस एवढं?"

"अप्पाची पत्रं."

"मोठ्यानं वाच की."

अंजूने वाचले. आवाज सपाट, हजेरी घेतल्यासारखा. एकेक वाचायची आणि मंजूर करायची. शेवटचे पत्र अप्पा जाण्याच्या महिनाभर आधीचे होते. 'लातूरला दाखवले. तुझी आई सांगू नको म्हणते, म्हणून फोनवर बोललो नाही. जमल्यास येऊन जा.'

आई म्हणाली, "मीच म्हणलं होतं. तुझं तिकडं चित्त लागणार न्हाई म्हणून."

अंजूने त्याखाली लिहिले, 'तीर्थरूप अप्पांस सा. नमस्कार. पत्रे आज मिळाली.' मी माझे काम केले. कपाटावर अप्पांचा फोन होता. आई तो अजून रोज चार्ज करून ठेवते. तो वाजला. दोघींपैकी कोणीही उठले नाही.

मित्रांनो, अंजूने मला पुसले नाही. नवा लेखही आता येणार नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखे काही जुने पडून असेल. टाकून देण्याआधी आत कोणाचे पत्र अडकले आहे का, तेवढे बघा. आणि आपल्या माणसाला जे विचारायचे ते तोंडाने विचारा, माझ्यासारख्यावर सोडू नका. मी अप्पांचे एक अक्षरही हरवू दिले नाही. पण वेळेवर पोहोचवलेही नाही.