कोऱ्या जागेतलं शून्य

“हे शून्य कोणी घातलंय?” रकानेकाकांनी विचारलं आणि जुना तक्ता डोळ्यांजवळ धरला. अक्षर त्यांचंच होतं.

सव्वीस वर्षं ऑफिसात त्यांचं एकच काम. औषधाच्या प्रयोगाआधी कंपनीनं काय काय मोजू म्हणून कबूल केलं होतं तो आराखडा डावीकडे ठेवायचा, छापून आलेला अहवाल उजवीकडे, आणि मधलं काय गाळलंय ते रकान्यांत भरायचं. त्यावरून आढावा निघतो, तो डॉक्टर वाचतात. काका यात मुरलेले. हे शून्य ज्या झोपेच्या गोळीचं, तिच्या आराखड्यात सहावी ओळ ठसठशीत होती: रुग्ण किती वेळा पडले. अहवालात त्याबद्दल अवाक्षर नाही. तिथे ‘मोजलं, सांगितलं नाही’ असं लिहायचं असतं. दोन वर्षांपूर्वी रजेवर जायच्या घाईत काकांनी त्या गप्प बसण्यालाच शून्य धरलं. कोणी पडलंच नाही म्हणे. आणि त्याच भरवशावर थोरल्या बहिणीला सांगितलं, “ताई, बिनधास्त घे. मी स्वतः तपासलीय.”

ताई गेल्या वर्षी न्हाणीघराच्या दारात पडली. खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवरच आहे.

शून्य सापडल्याला महिना झाल्यावर विभागप्रमुख बाईंनी विचारलं, “कंपनीकडून पडलेल्यांचे आकडे आले?”

“तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.”

“मग तळटीप टाका.”

“आणि गोळी निर्धोक आहे, हा निष्कर्ष?”

“आकड्यांशिवाय तो कसा बदलणार, काका?” बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी काकांनी ताईच्या खाटेशी बसून सगळं एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे मी धांदरट नव्हते तर,” ताई म्हणाली. “वर्षभर सुनेची बोलणी खाल्ली मी. चपलेला दोष दिला.”

“तेही नक्की सांगता येत नाही गं. गोळी बंद करा म्हणून तुझ्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, आढाव्यात निर्धोक लिहिलीय.”

“तुझ्याच ना?”

“माझ्याच.”

तिनं चार शिव्या घालाव्यात असं काकांना फार वाटलं. तिनं घातल्या नाहीत, तेच जिव्हारी लागलं.

“मग माझं एक तरी लिही,” ती म्हणाली. “त्या शून्याच्या जागी.”

काकांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं. आकडा फक्त प्रयोगातल्या माणसांचा असतो, ताईसाठी कुठल्याच कागदात रकाना नव्हता. ते टोपण काढून तसेच बसून राहिले. ताई उशीवरून मान वळवून त्यांच्या लिहिण्याची वाट बघत होती.