कुंपणापाशी राखलेली जागा

मित्रांनो, आधीच सांगते, मी रडगाणे गायला आलेली नाही. मी एक जुनी पांढरी सेडान आहे. माझे मागचे दार कुरकुरते, छताचा रंग उन्हाने उडाला आहे आणि माझ्यासारखी गाडी आता कोणी विकत घेत नाही. तरी किल्ली फिरवली की मी आजही सुरू होते, आणि यापुढेही व्हायचेच असे मी ठरवले आहे. का ठरवले, ते ऐका.

माझा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेड शहराच्या उत्तरेला एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसे माझी दारे बसवताना एकमेकांची थट्टा करत आणि संध्याकाळी माझ्याच बहिणींमध्ये बसून घरी जात. तो कारखाना आता बंद झाला आहे.

पोर्ट ट्रेसिक नावाच्या समुद्रकाठच्या गावात लिंडसे ट्रेगेन्झा राहत. धान्याच्या कोठारांवर तरुणपणी बार्लीची पोती उचलायची आणि पुढे बार्लीचे ट्रक तोलायचे हे त्यांचे काम. त्यांनी मला नवी कोरी घेतली. दर रविवारी ते मला धूत आणि कापडाने पुसून कोरडी करत. त्यांची बायको एल्वा अ‍ॅडलेडला जाताना चहाचा कप हातात धरून बसायची आणि एक थेंब सांडायचा नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, "लिंडसे, गाडी आहे की गादी?" मला फार बरे वाटायचे.

पुढे एल्वा गेली. लिंडसे आजोबांचे हात थरथरू लागले, गुडघे वाकेनात. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मग ते त्याच गावात मुलाकडे, किमकडे राहायला आले आणि त्यांच्याबरोबर मीही आले. आता सून लिओनी मला चालवू लागली. आजोबांची माझ्यात बसायची एक पद्धत होती. दार उघडायचे, पाठमोरे व्हायचे, आधी बूड टेकायचे, मग एक पाय आत आणि मागोमाग दुसरा. वेळ लागायचा, पण कोणाचा हात लागायचा नाही. शेवटी स्वतः दार ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "चला!" त्या एका शब्दात केवढा रुबाब असायचा!

किम शेतांना तारेची कुंपणे घालून देतो. खांब, तारेची भेंडोळी, पहारी, सगळे तो माझ्या डिकीत कोंबायचा आणि डिकी दोरीने बांधायचा. मी कधी कुरकुर केली नाही. पण एका उन्हाळ्यात माझे नाक कापले गेले. किमने माझ्यामागे मासेमारीची बोट जोडली आणि मला थेट वाळूवर नेले. बोट पाण्यात गेली खरी, पण माझी चाके वाळूत रुतली ती रुतलीच. मी जोर केला तशी आणखी खाली गेले. किमचा मित्र डॅरिल आपली भली मोठी यूट घेऊन आला. पुढे माणसे बसायला दोन रांगा आणि मागे उघडा हौदा, अशी ती गाडी. त्याने एका हिसक्यात मला बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर विचारले, "काय रे किम, मासे धरायला आला होतास की गाडी पुरायला?"

अख्खा किनारा हसला. किम कानापर्यंत लाल झाला. मला वाटते, त्याच क्षणी त्याच्या मनातून मी उतरले.

त्यानंतर घरात रोज एकच विषय, आपणही यूट घ्यायची. मी अंगणात उभी राहून सगळे ऐकायचे. यूटच्या हौद्यात सामान राहते आणि आत माणसे बसतात. ती बोट ओढते. कच्च्या रस्त्यावर तिचे पोट घासत नाही. तिन्हीसांजेला कांगारू आडवा आला तर पुढचा लोखंडी दांडा मार खातो. धंद्याची गाडी म्हणून करात सवलत मिळते. मित्रांनो, यातले एकही कारण खोटे नव्हते, आणि मी ते मान्य करते. लिओनीचे म्हणणे मात्र वेगळे होते. ती म्हणाली, "बाजारात गाडी लावली की दोन्ही बाजूंना उंच गाड्या. मागे घेताना मला काहीच दिसत नाही. सगळे वर बसलेत म्हणून आपणही वर बसायचं, असं झालंय हे."

तरी तिने शोरूममध्ये विचारून पाहिले, "सेडान दाखवता का?" विकणारा मुलगा हसला. "मॅडम, ती आता आम्ही मागवतच नाही. एसयूव्ही घ्या नाहीतर यूट घ्या."

शेवटी निळी यूट आली. माझी जागा तिला मिळाली आणि माझी रवानगी शेडच्या मागे मिरीच्या झाडाखाली झाली. कोंबड्या माझ्या बॉनेटवर बसू लागल्या. लिओनी आधी अधूनमधून मला बाहेर काढायची, मग तेही थांबले. बॅटरी उतरली. एक दिवस किमचे फोनवरचे बोलणे ऐकू आले. सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार होता.

मला वाईट वाटले. पण त्याहून वाईट एक गोष्ट त्या घरात घडत होती आणि किमला तिचा पत्ताच नव्हता. यूट आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो आजोबांना बेकरीत घेऊन गेला होता. तिची बैठक आजोबांच्या छातीला लागायची. किमने दुधाचा रिकामा क्रेट उलटा ठेवला, आजोबांना त्यावर चढवले आणि मागून दोन्ही हातांनी वर ढकलले. बेकरीच्या खिडकीतून सगळे पाहत होते. कोणीतरी आतून ओरडले, "सांभाळून रे, माल महागाचा आहे!" थट्टाच ती, मनात कोणाच्या काही वाईट नव्हते. आजोबाही हसले. त्या दिवसानंतर मात्र ते घराबाहेर पडले नाहीत. बेकरी नको, पब नको, एल्वाच्या थडग्यावर फुले ठेवायला जाणेही नको. ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर बसून राहायचे. किम म्हणायचा, "बाबांना आताशा कंटाळा येतो."

अशातच पोर्ट ट्रेसिकच्या फुटीच्या, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघाचा शेवटचा सामना आला. शेवटचा म्हणजे अगदी शेवटचा. गावात खेळणारी पोरे उरली नव्हती. पुढच्या वर्षी आमचा क्लब शेजारच्या मर्लिंग गावाच्या क्लबात मिसळणार होता, आणि मर्लिंग म्हणजे आमचे पिढ्यानपिढ्यांचे वैरी. सामनाही त्यांच्याशीच होता. आजोबा तरुणपणी या संघातून खेळले होते. ओट्यावरून ते म्हणाले, "हा एक बघायचाय मला. आपल्या जागेवरून."

आपली जागा म्हणजे मैदानाच्या कुंपणापाशी, गोलाच्या खांबांशेजारी. आमच्याकडे सामना गाडीत बसून बघतात. गाड्या नाक कुंपणाला लावून मैदानाभोवती उभ्या राहतात, आणि मोठा सामना असला की लोक आदल्या संध्याकाळीच गाडी लावून जागा धरतात व चालत घरी जातात. तिथे गाडी उभी असेल तर जागा तुमची. गाडी हलली की जागा गेली.

शुक्रवारी किमने नेमके तेच केले. निळी यूट आजोबांच्या जागेवर लावली आणि शीळ घालत घरी आला. "बाबा, जागा धरली! उंचावरून अख्खं मैदान दिसेल तुम्हाला, राजासारखं."

शनिवारी आजोबांनी क्लबचा मफलर गळ्यात घातला, दाढी केली आणि विचारले, "कुठल्या गाडीत बसायचंय?"

"यूटमध्येच की. ती तिथेच उभी आहे. तिथवर काठी टेकत हळूहळू चालत जाऊ, मग मी वर बसवतो."

"कसा बसवशील?"

"उचलून. त्यात काय एवढं?"

आजोबांनी मफलर काढून खुर्चीवर ठेवला. "मग मी येत नाही."

"अहो बाबा, शेवटचा सामना आहे!"

"म्हणूनच येत नाही. आपलं गाव आहे, मर्लिंगचं गाव आहे, सगळी जुनी माणसं आहेत. त्यांच्यादेखत तू मला पोत्यासारखा वर टाकणार. बार्लीची पोती उचलण्यात माझा जन्म गेला रे किम. पोतं व्हायचं नाही मला."

किम चिडला. "मी एवढं तुमच्यासाठी करतोय आणि तुम्ही हट्टाला पेटलाय!"

तेव्हा लिओनी बोलली. आवाज चढवला नाही तिने. "हट्ट नाही तो. बेकरीच्या दिवसापासून बाबा एकदा तरी बाहेर पडलेत का, सांग. कंटाळा नाही येत त्यांना. लाज वाटते."

किमने बापाकडे पाहिले. आजोबा समुद्राकडे बघत होते, पण त्यांची हनुवटी थरथरत होती आणि ते थरथरणे आजाराचे नव्हते.

लिओनी किल्ली घेऊन शेडमागे आली. कोंबड्यांना हुसकून तिने सेल्फ मारला. मी नुसती टकटक केली. बॅटरीत जीवच नव्हता. किम मागे येऊन उभा होता. मला सुरू करायचे तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडावी लागणार, आणि गावातल्या बाकी गाड्यांसारखी आमची दुसरी गाडीही होती मैदानात, कुंपणापाशी. ती काढली की जागा जाणार.

"जाऊ दे जागा," किम म्हणाला आणि मैदानाकडे पळत सुटला.

पुढचे मला नंतर कळले. किमने यूट बाहेर काढली तेव्हा मैदान भरत आले होते. मर्लिंगची एक थोराड एसयूव्ही लगेच त्या मोकळ्या जागेत शिरू लागली. डॅरिलने हे पाहिले आणि स्वतःची घडीची खुर्ची मधोमध टाकून तो त्यात बसला.

"ए, बाजूला हो! इथे गाडी लावायचीय," आतला माणूस ओरडला.

"इथे गाडी आहे," डॅरिल म्हणाला.

"कुठे आहे?"

"येतेय. जरा म्हातारी आहे, वेळ लागतो तिला."

त्याने हाताची घडी घातली आणि तो तसूभरही हलला नाही. वाळूत माझी थट्टा केली होती ना त्याने? मी ती त्याच दिवशी माफ करून टाकली.

इकडे निळी यूट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे बॉनेट उघडले, माझे उघडले, केबल जोडली. तिच्या बॅटरीतला जोर माझ्यात येऊ लागला. खरे सांगते, त्याआधी मी तिचा राग राग केला होता. आता वाटले, हिने काय बिघडवले माझे? ती तिच्या कामाची आहे, मी माझ्या. किमने सेल्फ मारला. मी घुरघुरले आणि बंद पडले. पुन्हा मारला. मी मनाशी म्हटले, आज नाही तर कधीच नाही. धूर ओकत, खोकत मी पेटले आणि मग थांबले नाही. किमने चाकांत हवा भरली, बाहीने माझी काच पुसली.

आजोबा काठी टेकत आले. दार उघडले, पाठमोरे झाले, बूड टेकले. एक पाय आत, दुसरा आत. किमचा हात आपसूक पुढे झाला होता, तो त्याने मागे घेतला. आजोबांनी दार ओढून घेतले.

"चला!"

लिओनीने मला मैदानात आणले तेव्हा सामना सुरू झाला होता. डॅरिलने खुर्ची उचलली आणि मी दोन धिप्पाड गाड्यांच्या मध्ये शिरून कुंपणाला नाक लावले. उंचावरून नाही, पण पुढे कोणी नसल्यामुळे आजोबांना तारांमधून सगळे दिसत होते. जुनी माणसे एकेक करून खिडकीशी आली. वाकून हात मिळवत होती, मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी आणून देत होती. "कुठे होतास रे इतके दिवस?" सगळे विचारत होते. आजोबा म्हणाले, "गाडी बंद होती."

आमच्याकडे गोल झाला की आपल्या बाजूच्या गाड्या हॉर्न वाजवतात. त्या दिवशी आमच्या गाड्यांना फारसे वाजवायला मिळाले नाही. संघ हरत होता. शेवटी शेवटी मर्लिंगच्या एका काटकुळ्या पोराने लांबून, वाऱ्याविरुद्ध असा काही गोल मारला की चेंडू खांबांमधून येऊन आमच्या डोक्यावरून गेला. मर्लिंगच्या बाजूने हॉर्नचा गदारोळ उठला. आमची बाजू चिडीचूप. तेवढ्यात आजोबा लिओनीच्या पुढून वाकले आणि थरथरता हात त्यांनी माझ्या हॉर्नवर दाबून धरला.

"अहो बाबा, तो त्यांचा गोल आहे!" बाहेर उभा असलेला किम खिडकीतून ओरडला.

"पुढच्या वर्षी तो आपलाच पोरगा आहे," आजोबा म्हणाले. हात त्यांनी काढला नाही. मग शेजारून डॅरिलने आपल्या यूटचा हॉर्न वाजवला आणि हळूहळू आमची सगळी रांग वाजू लागली.

घरी आल्यावर किमने सगळ्यात आधी भंगारवाल्याला फोन केला. "येऊ नका. गाडी द्यायची नाही." आता अंगणात आम्ही दोघी उभ्या असतो. खांब, तारा आणि बोट तिच्याकडे. आजोबा, बेकरी आणि एल्वाची फुले माझ्याकडे.

तेव्हा मित्रांनो, मोठे झालात की गाडी जरूर घ्या. उंच घ्या, थोराड घ्या, समुद्रात जाईल अशी घ्या. पण घेण्याआधी एक करा. तुमच्या घरात सगळ्यात सावकाश चालणारे जे माणूस असेल, त्याला त्या गाडीपाशी न्या. दार उघडा आणि हात मागे घेऊन उभे राहा. ते आपले आपण बसले आणि "चला" म्हणाले, तरच पैसे मोजा.