एकाला तरी

“कुशीवर घेते हं, धरा मला,” म्हणत इस्त्रीबाईने नवऱ्याच्या पाठीखाली हात घातला आणि ती थबकली. अंग तव्यासारखं तापलं होतं.

इस्पितळाच्या तळघरात चादरींना इस्त्री करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, म्हणून तिथे तिला सगळे इस्त्रीबाईच म्हणत. घरी आलं तरी चादरी काही सुटत नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची उजवी बाजू गेली. एके काळी भरली बस लीलया हाकणारा हा आडदांड माणूस आता दर दोन तासांनी दुसऱ्याच्या हाताने कूस बदलत होता. ती कामावर असली की नणंद येऊन बसे, आणि बसण्याची किंमत तोंडाने वसूल करी.

आज रविवारची सुट्टी असूनही तापाचं कळताच ती आली आणि डॉक्टर तपासून गेल्यावर म्हणाली, “छातीत कफ झालाय म्हणे. संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर इस्पितळात न्यावं लागेल. तू देवाधर्माचं काही मानत नाहीस ना वहिनी, म्हणून हे असं होतं.”

“तुम्ही जा आता वन्सं. मी आहे,” इस्त्रीबाई म्हणाली.

मानत नाही कसं? रोज सकाळी तळघरातलं इस्त्रीचं मशीन सुरू करण्याआधी त्याच्या गार पत्र्यावर तळहात टेकून ती मिनिटभर उभी राहायची आणि कुणाशी तरी मनातल्या मनात बोलायची. त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. गळका नळ, साहेबाचा तिरसटपणा, असलंच काहीबाही ती सांगायची. ऐकणारा ऐकतो, एवढी तिची खात्री होती. मागितलं मात्र कधीच काही नाही. मागायला लागलं की नातं बिघडतं, असं तिचं साधं म्हणणं.

गेल्या सोमवारी तेही मोडलं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पाठ भरून आली होती. पत्र्यावर हात टेकला आणि ती म्हणून गेली, “आता पुरे झालं. दोघांपैकी एकाला तरी सोडव.”

आज रविवार. म्हणजे ऐकलं होतं तर.

तिने ओल्या फडक्याची घडी त्याच्या कपाळावर ठेवली, खाटेच्या लोखंडी कडेवर तळहात टेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्या ऐकणाऱ्याशी मोठ्याने बोलली. “चुकलं माझं. एकाला सोडव म्हटलं, ते परत घेते. राहू दे त्यांना. मी करीन.”

शेवटचे दोन शब्द उच्चारताना तिची जीभ जड झाली. किती वर्षांचं करणं, ते तिला ठाऊक होतं.

उन्हं उतरली तसा त्याला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. तिला आनंद झाला, इतका की डोळे भरून आले. आणि पाठोपाठ बाहेरून कुणी कडी लावल्यासारखं वाटलं.

“अगं,” तो अडखळत म्हणाला, “मघाशी कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी नाही.”

“ऐकलं मी.” त्याने नजर छताकडे वळवली. “परत कशाला घेतलंस?”

दोन तास झाले होते. “धरा मला,” म्हणून तिने त्याला खिडकीच्या बाजूला वळवलं. पाठीमागे चादरीला एक चुणी पडली होती, ती तळहाताने सपाट केली. मग हात तिथेच ठेवून ती मिनिटभर उभी राहिली. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.